तांबड्या काळातली बाई

शबाना मुल्लाणी धडा घडाघडा वाचत होती आणि पुस्तक तिच्या हातात उलटं होतं.

मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. तिचा सूर काही तुटेना. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नचिन्हाला आवाज वर नेत होती. सगळं बिनचूक.

"शबाना, आता बोट ठेवून वाच."

ती गप्प झाली. बोट कुठं ठेवायचं तेच तिला कळेना. मग मी एकेकाला उठवत गेले आणि तास संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की तिसरीच्या या वर्गाला सबंध पुस्तक पाठ आहे आणि वाचायला जवळजवळ कोणालाच येत नाही.

हेळेवाडीच्या शाळेत येऊन मला आठवडा झाला होता. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं डोंगराच्या पोटातलं गाव. शाळेला दोन खोल्या, एक व्हरांडा, मागं खिचडीची पत्र्याची शेड. शिक्षक आम्ही दोघंच. मी आणि हेडमास्तर कोळेकर गुरुजी. मी त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेले तर ते म्हणाले, "शिंत्रे बाई, वाचतात की घडाघडा. तपासणीला साहेब आले होते, खूश होऊन गेले."

दुसऱ्या दिवशी खडू शोधायला मी कपाट उघडलं, तेव्हा वरच्या फळीवर कागदाची एक लांबलचक गुंडाळी दिसली. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. सोडली तर आत चित्रं. मोठाल्या, गुळगुळीत कागदावर छापलेली, रंगीत.

"ती मुरारी हेळेकरांची," गुरुजी खुर्चीतून उठून आले. "मोठे चित्रकार. याच गावचे. इथल्या सुताराचा मुलगा, आता मुंबईला असतात. परदेशात प्रदर्शनं होतात त्यांची. जन्मगावच्या शाळेला भेट म्हणून पाठवलीत."

"मग लावली का नाहीत?"

"पोरं खराब करतील."

मी ती त्याच दिवशी वर्गात लावली.

चित्रांच्या मागं थोडी माहिती छापली होती. हेळेकरांच्या कामाचे चार काळ. आधीचा तांबडा, मग निळा, मग रेघांचा, शेवटी पांढरा. मी तो क्रम धरून चित्रं भिंतीवर ओळीनं डकवली आणि पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली.

पहिल्या चित्रात एक बाई चुलीपुढं बसली होती. सगळं चित्र मातीच्या, विटेच्या, कुंकवाच्या रंगात. बाई थेट समोर बघत होती.

"काय दिसतंय?"

कोणी बोलेना. चित्राचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं ना. मग मागून एकजण म्हणाला, "चूल." मी कागदाच्या पट्टीवर 'चूल' लिहून ती चित्राखाली टाचली. "तवा." 'तवा' लिहिलं. "फुकणी." "जाळ." "बाई, तिचं त्वांड तापलंया." मी 'तापलंया' असंच लिहिलं. आपल्या तोंडचा शब्द कागदावर उतरलेला बघून पोरं खुळ्यासारखी हसली. शबाना पट्टीजवळ गेली, अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो 'त' तव्यातला बी हाय, तापल्यातला बी हाय."

त्या दिवसापासून शाळा सुरू झाली, असं मी अजून म्हणते.

पुढचे काही महिने आम्ही त्या चित्रांमधूनच शिकलो. तांबड्या काळात घरातले, रानातले शब्द भरपूर मिळाले. निळ्यापाशी पोरं अडली. निळ्या चित्रांत तीच बाई, पण लांब, पाण्याच्या कडेला, खिडकीत, पाठ फिरवून बसलेली. "तिला कसंतरी हुतंय," पोरं म्हणायची, त्यापुढं शब्द नव्हता. मी तो दिला: उदास. मग पाठमोरी. मग एकाकी. हे शब्द पोरांना इतके आवडले की मैदानात भांडण झालं तरी एखादा येऊन सांगायचा, "बाई, परश्या तिकडं पाठमोरा बसलाय." रेघांच्या काळात कोन, तिरपी, तुकडे, त्रिकोण. पांढऱ्या काळात काहीच नव्हतं, फक्त पांढऱ्यावर एक करडी रेघ. तिथं आम्ही 'रिकामं' शिकलो, 'पुसट' शिकलो.

शिकणारं आणखी एक माणूस दारात बसायचं. ती चंद्राक्का. खिचडी शिजवायला होती. साठीच्या पलीकडची, उंच, हाडानं रुंद, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. सुताराच्या घरामागच्या खोपटात एकटीच राहायची. नवऱ्यानं टाकलेली आहे, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नवरा कोण, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तांदूळ निवडायला ती सूप घेऊन वर्गाच्या उंबऱ्याशी बसायची. 'उजेड चांगला पडतुया' म्हणायची.

एके दिवशी पोरं ताटल्या धुवायला गेली होती. ती चित्राजवळ उभी होती.

"चू-ल," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "चूलच न्हवं का, बाई?"

"चंद्राक्का, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हवतं येत. हितं बसून बसून हे एवढं आलंय." तिनं पदर तोंडाला लावला. "मला शिकवशिला? पोरांच्यात न्हाई. पोरं गेल्यावर."

मग रोज जेवणानंतर मी तिला शिकवू लागले. ती पाटी घेईना. चित्राखालच्या पट्ट्यांवरूनच शिकायची. अक्षर मिळालं की ते चारदा पुटपुटायची आणि पातेलं घासायला जायची. घासता घासताही पुटपुटायची. तिला जोडाक्षरांचा राग होता. "दोगं एकावर एक कशाला चढत्यात?" म्हणायची. पण सोडलं नाही.

"चंद्राक्का, वाचायला शिकून काय करणार?" मी एकदा सहज विचारलं.

"बगायचं हाय," ती म्हणाली.

"काय बघायचं आहे?"

"ल्हिवलेलं."

थंडीच्या दिवसांत एकदा मी मुलांना म्हटलं, आज एक चित्र नाही, सगळी भिंत बघा आणि सांगा, पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत काय होत गेलं. पोरं भिंतीला धरून सरकत गेली. पुन्हा पहिल्याशी आली. शबाना पहिल्यापाशी बराच वेळ थांबली.

"बाई," ती म्हणाली, "हिकडं तिचं त्वांड दिसतंय. मग पाठ दिसतिया. मग नुसता हात न् डोळा. मग कायच न्हाई. ह्यो माणूस तिला इसरत चाललाय."

छापील माहितीत याच प्रवासाला 'आकाराकडून निराकाराकडे' म्हटलं होतं आणि ते मला इतके दिवस खरं वाटत होतं.

"आन् बाई," शबाना पुढं म्हणाली, "हिच्या भिवईत खाच हाय. चंद्राक्काला हाय तशी."

सगळा वर्ग एकदम दाराकडं वळला. चंद्राक्का सूप घेऊन बसली होती. ती उठली नाही, लपली नाही. चित्रातली बाई बघत होती तशीच, थेट समोर बघत राहिली. उजव्या भिवईच्या मधोमध केस नसलेली एक तिरपी चीर. एवढे दिवस मी तिच्याशी बोलत होते आणि ती मला दिसली नव्हती. एकदा दिसल्यावर मग सगळंच दिसलं. जबड्याचं हाड, खांद्याची ठेवण, मांडीवर पालथा ठेवलेला हात.

"शेंगा भाजायच्या हाईत अजून," असं म्हणत ती निघून गेली.

पोरं गेल्यावर मी शेडमध्ये गेले. ती चुलीपुढं बसली होती.

"ढलपी उडाली हुती," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "सासरा लाकूड तासत हुता. मी नवीनच लगीन हून आल्याली. ढलपी हितं बसली. लई रगात आलं. त्येनं तसंच बसवून चितार काढलं. म्हणाला, पुसू नगंस, ऱ्हाऊ दे."

"कोणी? मुरारी हेळेकरांनी?"

तिनं मान हलवली. नवऱ्याचं नाव घ्यायची तिची रीत नव्हती.

"रोज काढायचा. जेवताना, दळताना, निजल्याली असताना. कोळशानं भिंतीवर, कागद मिळंल तवा कागदावर. मग मुंबईला चितारकामाच्या शाळेत गेला. म्हणाला, खोली मिळाली की न्यायला येतो." तिनं लाकूड आत सारलं. "सासरा मेला तवा आला हुता. तीन दिस हुता. माज्या हातचं जेवला. बोलला न्हाई. बायकांच्यात बसली हुती मी, माजी वळख पटली का न्हाई कुणास ठावं."

"गावात कोणी विचारलं नाही त्यांना?"

"गावाला त्यो पायजे, बाई. मी हाय की हितंच, कुटं चाललीया."

तोच माणूस उन्हाळ्याच्या तोंडाला गावी येणार, असं ठरलं. सत्तरी जवळ आलेली, आयुष्यभराच्या कामाबद्दल एक मोठा पुरस्कार नुकताच मिळालेला. जन्मगावी सत्कार व्हावा, असं त्यांच्या चाहत्यांना वाटलं. मुंबईहून एक स्मरणिकाही छापून आली, गुळगुळीत, जाड. चार काळ, चार पानं, त्यांच्याच शब्दांत. कोळेकर गुरुजी हरखून गेले होते. माझा वर्ग चित्रांवरून वाचायला शिकला हे त्यांनी पाहुण्यांना आधीच कळवलं होतं. चार मुलांनी व्यासपीठावर एकेक पान वाचायचं. तांबडं पान शबानाला.

तालीम वर्गातच होती. मी ते पान आधी चाळायला हवं होतं की नाही, हा प्रश्नच नव्हता, कारण स्मरणिका त्याच सकाळी एसटीनं आल्या होत्या आणि गुरुजींनी गठ्ठा फोडून एक प्रत सरळ शबानाच्या हातात दिली होती. ती बोट ठेवून, शब्द तोडत, पण खरोखर वाचत होती.

"'तांबड्या काळातल्या चित्रांमधली ही स्त्री कोण, असं मला नेहमी विचारलं जातं. ती कोणीच नाही. ती संपूर्णपणे का... काल्प... काल्पनिक आहे.' बाई, काल्पनिक म्हंजे?"

शब्द विचारायचा, मग अर्थ, मग दाखले. रोजची पद्धत. मी काय करणार होते? वीस चेहरे माझ्याकडं लागलेले.

"जे खरं नसतं. मनानंच रचलेलं असतं."

"राक्षस!" परश्या ओरडला.

"परी!"

"बागुलबुवा!"

"हां," मी म्हणाले.

दारातून चंद्राक्का आत आली. इतक्या महिन्यांत तिनं वर्ग चालू असताना उंबरा ओलांडला नव्हता. शबानाशेजारी वाकून उभी राहिली.

"कुटं हाय त्यो शबुद? दाव."

शबानानं बोट ठेवलं. चंद्राक्कानं त्याच्याशेजारी आपलं बोट टेकलं, कोळशानं काळं झालेलं.

"का," ती म्हणाली. मग अडली. "ह्यो कोंचा, बाई? दोगं जोडल्यात."

"ल ला प जोडलाय, चंद्राक्का."

"ल्प. का-ल्प. नि. क." तिनं तो शब्द पुन्हा एकदा, सलग म्हटला. मग मागच्या ओळीवर बोट नेलं आणि तीही वाचली. ती कोणीच नाही. पोरं बघत होती. "बरूबर हाय," ती म्हणाली आणि सूप उचलून गेली.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींकडं गेले. हे पान वाचायचं नाही, असं सांगितलं. का नाही, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, मी इथं तुमच्या आधी आलोय. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांच्या लग्नात वाजंत्री वाजवलेला माणूस अजून जिवंत आहे."

"मग?"

"मग काय? या गावाचं नाव घ्यावं असा एक माणूस देवानं दिला. त्याला बोलवून आणून दारात उभा करायचा आणि विचारायचं? आणि विचारून त्या बाईला काय मिळणार? या वयात तो नेणार आहे का तिला?"

मी मग चंद्राक्काच्या खोपटाकडं गेले. तिनं बसायला पोतं टाकलं.

"शबानाला दुसरं पान देते," मी म्हणाले. "आणि तुम्ही म्हणत असाल तर मी स्वतः उठून बोलते. सगळ्यांसमोर."

"न्हाई." तिनं माझा हात धरला. घट्ट. "तुमी काय बोलायचं न्हाई. पोरगीनं एवढी मेहनत केलीया, तिचं पान काडून घेऊ नगा. वाचू द्या."

सत्काराच्या दिवशी मैदानात मांडव पडला. मुरारी हेळेकर गाडीतून उतरले. पांढरा सदरा, पांढरी दाढी, बारीक, ताठ अंगाचे. मनात मी त्यांचा कोणीतरी वेगळाच माणूस केला होता. हे गृहस्थ मुलांशी वाकून बोलत होते. वर्गात येऊन त्यांनी प्रत्येक चित्राखालच्या सगळ्या पट्ट्या वाचल्या. 'तापलंया' वाचून मोठ्यानं हसले.

"मॅडम, माझ्या चित्रांवर फार लोकांनी लिहिलंय," ते मला म्हणाले. "इतकं नेमकं कोणी लिहिलं नाही."

ते खरंच तसं मानत होते. मला त्यांचा राग येत होता आणि हे ऐकून बरंही वाटत होतं.

हौसाक्का पाटलीणबाईंनी त्यांना ओवाळलं. हार झाले, भाषणं झाली. पुढच्या रांगेत गावातली सगळी जुनी माणसं बसली होती. मग शबाना उठली. नवा फ्रॉक, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या. माईकसमोर स्टुलावर उभं राहून तिनं वाचायला सुरुवात केली. मांडव शांत झाला. मुलाण्याची पोरगी पाठ म्हणत नाहीये, वाचतेय, हे लोकांना कळत होतं.

"'...ही स्त्री कोण, असं मला नेहमी विचारलं जातं. ती...'"

आणि ती थांबली.

गुरुजी म्हणाले, "हां, पुढं." ती मान खाली घालून उभी. गुरुजींनी तिच्या कानाशी वाक्य सांगितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मागं कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "इसरली जनू." तिचा बाप उभा राहिला आणि तिच्यावर डोळे वटारले. पण शबानानं तोंड उघडलं नाही.

चंद्राक्का शेडमधून आली. तिला यायला वाट करून द्यावी लागली नाही, लोक आपोआप सरकले. पदराला हात पुसत ती व्यासपीठावर चढली.

"दे. मी वाचतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात, वाचतो, जातो, येतो. तिनं शबानाला स्टुलावरून उतरवून आपल्या अंगाशी धरलं आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"ती. को-णी-च. ना-ही." दर शब्दानंतर ती श्वास घेत होती आणि माईकमधून तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. "ती. सं-पू-र्ण-प-णे." रफाराशी अडखळली, परत मागं गेली, नीट म्हटलं. "का-ल्प-नि-क. आ-हे."

तिनं पान खाली केलं आणि हेळेकरांकडं पाहिलं. दोघांत चार पावलांचं अंतर होतं. पुढच्या रांगेतली जुनी माणसं आपल्या पायांकडं बघत होती. हौसाक्कांनी आरतीचं ताट उगाच सारखं केलं.

मग हेळेकरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्या मांडवानं सुटल्यासारख्या वाजवल्या.

"वा!" ते माईकवर आले. "मावशींनासुद्धा वाचायला शिकवलंत, मॅडम. माझ्या चित्रांचा यापेक्षा मोठा सन्मान कुठला?" त्यांनी चंद्राक्काला हात जोडले. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो घेतला. चंद्राक्का शबानाचा हात धरून पायऱ्या उतरली.

निघताना मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. गुरुजी मागं हार गोळा करत होते. गाडीत बसता बसता हेळेकर थांबले. माझ्याकडं न बघता, शाळेच्या भिंतीकडं बघत हळूच म्हणाले, "ती भिवईची खाच मी चित्रांत जरा वर काढलीय. खरी खाली आहे. इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं."

आणि दार लावून घेतलं.

सोमवारी चंद्राक्का नेहमीसारखी आली. जेवणं झाल्यावर मी पट्ट्या काढून बसले. ती आली नाही. मी शेडमध्ये गेले.

"चंद्राक्का, येताय ना? आता तुम्हाला पेपरसुद्धा वाचता येईल."

"पुरं, बाई," ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. "मला जेवढं वाचायचं हुतं तेवढं वाचून झालं."

त्यानंतर तिनं अक्षराकडं पाहिलं नाही. चित्राखालून जाताना मान खाली घालून जायची. मी पुष्कळदा म्हणून पाहिलं. मग तेही सोडलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर मुरारी हेळेकर मुंबईत वारले. पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. 'त्यांच्या पश्चात पुतणे आणि मोठा शिष्यपरिवार आहे.' गुरुजींनी प्रार्थनेनंतर शोकसभा घेतली. मुलांनी दोन मिनिटं उभं राहून हात जोडले. चंद्राक्का शेडमध्ये होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण लाऊडस्पीकरवरचं तिला ऐकू गेलं असणारच. मी डोकावले, तर ती फोडणीला मोहरी टाकत होती.

जेवणाच्या सुट्टीत पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती, तेव्हा बायका आल्या. हौसाक्का पुढं, मागं भावकीतल्या पाच-सहा जणी. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्या शेडच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"चंद्रे," हौसाक्का म्हणाल्या, "घरला चल. बातमी आलीया."

"कसली?" चंद्राक्का पातेल्यात पळी फिरवत होती.

"आता काय बोलायचं. तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय. तुमी सांगा."

"त्यो गेला, मुंबईत. चल, आवर. कपाळाचं आन् हातातलं उतरून घ्यायचं. रीत हाय ती."

"हौसाक्का, मांडवात तुम्ही सगळ्या गप्प बसलात आणि आता..." मी पुढं झाले, पण चंद्राक्कानं पळीचा हात आडवा करून मला थांबवलं.

"थांबा, बाई." मग ती बायकांकडं वळली. "कोन गेला म्हंता?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"कुनाच्या नावानं बांगड्या फोडताय, ते सांगा. मोठ्यानं सांगा. पोरास्नी ऐकू जाऊ द्या."

शबाना रांगेतून उठून उभी राहिली होती. व्हरांड्यात गुरुजी आले, त्यांनी बघितलं, आणि तिथंच थांबले. तांब्यावाली बाई मागं सरकली. फक्त चुलीतलं लाकूड तडतडत होतं. चंद्राक्का थांबली होती. तिला घाई नव्हती.

शेवटी हौसाक्कांनी मान खाली घातली.

"मुरारीच्या," त्या म्हणाल्या. "सुताराच्या मुरारीच्या. तुझ्या नवऱ्याच्या."

चंद्राक्कानं ते ऐकून घेतलं. पळी बाजूला ठेवली. काच खिचडीत जाऊ नये म्हणून पातेल्यावर झाकण घातलं, आणि दोन्ही हात पुढं केले.